थर्टी फर्स्टचा बार घरच्या गच्चीवर: चोवीस माणसांचा हिशेब

सांगलीत थर्टी फर्स्टला घरी माणसं जमतात तेव्हा ती एका वयाची, एका सवयीची कधीच नसतात. मामा व्हिस्की घेतात, मेहुण्याला बिअर लागते, काकू माळकरी, वहिनींचे मार्गशीर्षातले गुरुवार चाललेले, आणि गच्चीभर पळणारी पोरं. हे सगळे एकाच टेबलाभोवती येणार असतील, तर बार मांडताना एक गोष्ट पक्की ठरवून टाका: जगमध्ये दारू ओतायची नाही. जगमध्ये फक्त सरबत. दारू ज्याला हवी त्याच्या ग्लासात, सगळ्यात शेवटी, मापाने.

याचं कारण साधं आहे. डाळिंबाच्या रसात व्होडका घातली काय, न घातली काय, दिसायला तो सारखाच. जग एकदा टेबलावर ठेवला की तो कोण उचलेल यावर तुमचा ताबा राहत नाही. आठ वर्षांच्या पोराने अर्धा ग्लास पिऊन टाकल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही. शिवाय सरबत आधी आणि दारू शेवटी या पद्धतीत एकच तयारी दोघांना चालते, आणि न पिणाऱ्याच्या हातातही पिणाऱ्याइतकाच देखणा ग्लास जातो. पुढची सगळी मांडणी या एका नियमावर उभी आहे.

आधी डोकी मोजा

यादी करताना तीन रकाने पाडा: कडक घेणारे, बिअर-वाईन घेणारे, न घेणारे. अंदाजावर जाऊ नका, फोन करून विचारा. न घेणाऱ्यांचा आकडा नेहमी वाटतो त्यापेक्षा जास्त निघतो. इथे हिशेबाला २४ माणसं धरली आहेत. त्यात सहा व्हिस्कीवाले, दोन रमवाले, दोन जिन घेणारे, दोन बिअरवाले, दोन वाईनवाले आणि दहा न पिणारे, त्यातली चार मुलं.

वय विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रम-व्होडका-जिनसाठी २५. म्हणजे इंजिनिअरिंग संपवून आलेल्या बावीस वर्षांच्या पुतण्याला बिअर चालते, व्हिस्की नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे, त्यामुळे दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो. वर्षाचा किंवा कायमचा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढता येतो. परवान्यावर एका माणसाने किती बाळगायची याला मर्यादा असते, म्हणून सगळा माल एकाच्या नावावर गाडीत भरून आणण्यापेक्षा दोघातिघांनी आपापल्या परवान्यावर आणावा. हॉल किंवा लॉन भाड्याने घेऊन, वर्गणी काढून पार्टी करणार असाल तर मात्र त्याच विभागाकडून त्या दिवसापुरती वेगळी परवानगी काढावी लागते. ती चार-सहा दिवस आधीच बघा.

आणि गोव्याची बाटली नको. सांगलीतून गोवा एका दिवसाचा प्रवास, तिथे दर कमी, त्यामुळे डिसेंबरात कुणीतरी 'येताना दोन आणतो' म्हणतोच. त्या बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं आणि ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. वर्षअखेरीस घाटाच्या वाटांवर तपासणीही कडक असते. त्याहून वाईट म्हणजे सुटी, बिनसीलची, 'मिलिटरीची आहे' म्हणून स्वस्तात मिळणारी बाटली. त्यात मिथेनॉल असेल तर ना वासावरून कळतं ना चवीवरून. त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि डोळे जातात. झाकणाची कडी तुटलेली किंवा सैल वाटली तर बाटली काउंटरवरच परत करा.

किती आणायचं

आपल्याकडे स्मॉल म्हणजे ३० मिली आणि लार्ज म्हणजे ६० मिली. ७५० मिलीच्या खंब्यात साडेबारा लार्ज बसतात, ३७५ च्या हाफमध्ये सहा, क्वार्टर १८० मिली म्हणजे बरोबर तीन. कडक घेणाऱ्याला संपूर्ण संध्याकाळसाठी तीन लार्ज ही वरची मर्यादा धरून खरेदी करा. हे खरेदीचं माप आहे, तेवढी प्यायलाच हवी असं काही नाही.

सहा व्हिस्कीवाल्यांचे १,०८० मिली होतात: एक खंबा आणि एक हाफ पुरतो. रमचा एक हाफ, जिनचा एक हाफ. एखाद्याला सरबतात व्होडका आवडत असेल तर एक क्वार्टर. दोन वाईनवाल्यांना ७५० मिलीची एक बाटली, तिच्यात १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. बिअरच्या ६५० मिलीच्या सहा बाटल्या, त्या माईल्ड घ्या.

माईल्ड का, ते नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के असतं, म्हणजे एका लार्जमध्ये साधारण २६ मिली शुद्ध अल्कोहोल. स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांपर्यंत असते, तिच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ५२ मिली. 'मी फक्त बिअर घेतोय' म्हणत तीन स्ट्राँग संपवणाऱ्याच्या पोटात सहा लार्ज गेलेले असतात. पाच टक्क्यांची माईल्ड बाटली म्हणजे सव्वा लार्ज, आणि १३ टक्के वाईनचा एक ग्लास म्हणजे पाऊण. हा हिशेब कागदावर लिहून बारच्या मागच्या भिंतीला लावून ठेवा.

वाईन घेताना जिल्ह्याचा अभिमान असेल तर पलूसच्या वाईन पार्कची आठवण येणं साहजिक आहे. पण तासगावच्या बागेतली तास-ए-गणेश किंवा थॉमसन ही खायची आणि बेदाण्याची द्राक्षं. वाईनच्या जाती वेगळ्या असतात. खायची द्राक्षं मात्र बारवर एका कामाला फार उत्तम येतात. आगाप छाटणीचा माल बाजारात आला असेल तर अर्धा किलो आणा, मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून दोनदा धुवा, देठ काढून पूर्ण कोरडी करा आणि ताटात सुटी पसरून फ्रीजरमध्ये गोठवा. पांढऱ्या वाईनमध्ये बर्फाऐवजी चार-पाच गोठलेली द्राक्षं टाकली की वाईन गार राहते आणि पातळ होत नाही.

बाकीची खरेदी अशी: सोडा ६०० मिलीच्या बारा बाटल्या, टॉनिक वॉटरचे ३०० मिलीचे तीन कॅन, कोलाच्या दोन मध्यम बाटल्या, पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा एक जार, ४५ लिंबं, पुदिन्याच्या दोन जुड्या. सोड्याच्या दोन लिटरच्या मोठ्या बाटल्या स्वस्त पडतात म्हणून घेऊ नका. उघडल्यावर अर्ध्या तासात त्यांचा दम जातो आणि शेवटचे पाच ग्लास मिळमिळीत होतात. सगळं २८ तारखेपर्यंत घरात आलेलं बरं. ३१ ला दुकानासमोर रांग असते आणि हवा तो ब्रँड संपलेला असतो.

बर्फ

घरगुती बारमध्ये सगळ्यात आधी संपतो तो बर्फ. दारू कधीच संपत नाही. चोवीस माणसांना ग्लासात घालायला दहा किलो आणि बाटल्या गार करायला दहा किलो, असा वीस किलोचा हिशेब ठेवा.

ग्लासातला बर्फ २६ तारखेपासून घरीच जमवायला लागा. एका ट्रेमध्ये पाव किलो बर्फ होतो. दोन ट्रे सकाळ-संध्याकाळ लावले तर दिवसाला एक किलो, पाच दिवसांत पाच किलो. खडे ट्रेमधून काढून लगेच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि तोंड घट्ट बांधा. उघडा बर्फ फ्रीजरमधल्या मटणाचा, आलं-लसणाच्या पेस्टचा वास ओढतो आणि तो वास थेट व्हिस्कीत उतरतो. उरलेला पाच किलो खाण्याच्या बर्फाच्या पाकिटांतून आणा. लादीचा बर्फ ग्लासात नको. अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळसर लादी दिसली तर ती फक्त टबासाठी, आणि पांढरी लादी दिसली तरी ती कुठल्या पाण्याची हे विचारल्याशिवाय तोंडात घालू नका.

खडा मोठा असेल तर हळू वितळतो. व्हिस्कीवाल्यांसाठी स्टीलच्या वाट्यांत पाणी गोठवून मोठे गोळे करा, एका ग्लासाला एक पुरतो. बारीक चुरा फक्त पुदिन्याच्या सरबताला.

आता टब. बिअर आणि सोडा गार करायला नुसता कोरडा बर्फ ओतून बाटल्या वर ठेवल्या तर तासाभराने एक बाजू गार, एक कोमट. प्लास्टिकच्या टबात बाटल्या उभ्या लावा, दहा किलो लादी फोडून घाला, मग बाटल्यांच्या गळ्यापर्यंत पाणी भरा आणि चार-पाच मुठी जाडं मीठ टाकून हाताने ढवळा. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं, मिठामुळे ते शून्याच्याही खाली उतरतं, आणि खोलीच्या तापमानाची बिअर वीस मिनिटांत गार होते. टबातला बर्फ खारट आणि बाटल्यांच्या तळाचा, तो ग्लासात जाऊ नये म्हणून टब टेबलाखाली ठेवा. बिअर लवकर गार व्हावी म्हणून फ्रीजरमध्ये ठेवून विसरणं ही नेहमीची चूक. आतलं पाणी गोठून फुगतं आणि बाटली फुटते, मग काचा भाजीच्या ट्रेमधून वेचत बसावं लागतं.

तीन सरबतं

हा बारचा खरा जीव. दारू सगळ्यांकडे तीच असते, चव इथे ठरते.

आल्या-गुळाचा पाक. सातारी आलं ३०० ग्रॅम, गुऱ्हाळाचा ताजा गूळ ७५० ग्रॅम, पाणी ७५० मिली. आलं सोलायची गरज नाही, माती घासून धुवा आणि किसा. किस हाताने पिळून रस एका उभ्या ग्लासात काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. तळाशी पांढरा साका बसलेला दिसेल. तो आल्यातला स्टार्च. तो पाकात गेला तर पाक गढूळ आणि गिळगिळीत होतो. वरचा पिवळा रस अलगद ओतून घ्या, साका टाका. पिळलेला चोथा गूळ-पाण्यात घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळा, गॅस बंद करून अर्धा तास झाकून ठेवा, मलमलच्या फडक्यातून गाळा. गुळात काडीकचरा असतो, त्यामुळे फडकंच हवं, चहाच्या गाळणीचं काम नाही. पूर्ण गार झाल्यावर बाजूला ठेवलेला कच्चा रस मिसळा. उकळलेल्या चोथ्याने अंग येतं, कच्च्या रसाने झणका. दोन्ही लागतात. साधारण लिटरभर पाक होतो, म्हणजे तीसेक ग्लास. पाकात लिंबू आत्ता पिळू नका, ते ग्लासातच. २९ तारखेला करून फ्रीजमध्ये ठेवला तर उत्तम.

डाळिंबाचा रस. आटपाडीकडची तीन किलो डाळिंबं, एक-सव्वा लिटर रस. दाणे मिक्सरमध्ये घालून बटण दोन सेकंद दाबा आणि सोडा, असं तीनदा. सलग फिरवलं की बिया भरडल्या जातात आणि रस तुरट होतो. चाळणीवर ओतून पळीच्या पाठीने हलकेच दाबा. चोथा पांढरा पडेपर्यंत पिळायचा मोह आवरा, कारण शेवटच्या दोन पळ्यांत सगळा तुरटपणा असतो. हा रस ३१ च्या दुपारीच काढायचा. आदल्या दिवशीचा रस काळपट पडतो.

तिसरी स्ट्रॉबेरी. डिसेंबरअखेर महाबळेश्वर-पाचगणीचा माल सांगलीत येतो. एक किलो स्ट्रॉबेरी धुवून, मग देठ काढून (आधी देठ काढले तर आत पाणी शिरतं) चार फोडी करा, २५० ग्रॅम साखर भुरभुरवा आणि तीन तास झाकून ठेवा. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि न शिजवता लालभडक पाक सुटतो. शिजवलं तर जॅमची चव येते.

साधा साखरेचा पाकही हवा: अर्धा किलो साखर, अर्धा लिटर पाणी, विरघळेपर्यंत गरम. बारवर कोरडी साखर ठेवू नका, गार पेयात ती तळाशी बसून राहते.

लिंबं संध्याकाळी पाच-सहाला पिळा. एका लिंबाचा १५ ते २० मिली रस निघतो. फ्रीजमधलं गार लिंबू कमी रस देतं, म्हणून तासभर बाहेर ठेवून ओट्यावर तळहाताने दाबून लोळवा. सकाळी पिळून ठेवलेला रस रात्रीपर्यंत कडवटतो.

टेबल मांडणं

गच्चीवर मांडत असाल तर जिन्याच्या तोंडाशी आणि कठड्याला लागून टेबल नको. गर्दी टेबलापाशीच होते आणि प्यायलेला माणूस कठड्यावर रेलतो. जिन्यात बल्ब आहे का, चालतो का, हे उजेडात बघून घ्या.

सहा फुटी जेवणाचं टेबल पुरतं. त्यावर जुनी जाड चादर दुहेरी घाला, सांडलेलं शोषलं जातं. प्लास्टिकवर ओले ग्लास घसरतात. मागच्या कडेला दोन रिकामे क्रेट उलटे ठेवून त्यावर चादर ओढा आणि बाटल्या तिथे उभ्या करा. मग पुढची जागा हाताला मोकळी राहते. पुढे डावीकडून उजवीकडे क्रम असा: ग्लास, बर्फ, माप, सरबतं, सोडा, लिंबाच्या फोडी-पुदिना-काळं मीठ. हात एकाच दिशेने जातो, दोन माणसं एकमेकांना आडवी येत नाहीत. टेबलाखाली बर्फाचा टब आणि दोन बादल्या, एक ओलं ओतण्यासाठी, एक सुक्या कचऱ्यासाठी. ओपनर दोन फूट सुतळीने टेबलाच्या पायाला बांधून टाका. सुटा ओपनर नऊ वाजेपर्यंत कुणाच्या तरी खिशात जातो आणि मग दाताने झाकण काढणारा वीर पुढे येतो.

मुलांचं टेबल वेगळं, दूर, आणि ग्लास स्टीलचे. मोठ्यांसाठी काचेचे ग्लास माणशी दीड, म्हणजे तीस. तेवढे घरी नसतात. मंडप-भांडीवाल्याकडून भाड्याने आणा आणि आणल्यावर परत धुवा. बिअरच्या ग्लासाला तेलकटपणाचा अंशही राहिला तर फेस धरत नाही. तपासायचं असं: ग्लास पाण्यातून काढून उलटा धरा. पाणी सलग पडद्यासारखं निथळलं तर स्वच्छ, थेंब थेंब चिकटून राहिले तर अजून तेलकट.

हत्यारं फार लागत नाहीत. ३० आणि ६० मिलीचं पेगमाप दोन नग, लांब चमचा, लिंबूपिळणी, बर्फाचा चिमटा, गाळणी. शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा किंवा रुंद तोंडाची बाटली घ्या. तिच्यात सोडा घालून कधीही हलवू नका, झाकण उडतं. पुदिना ठेचायला लाटण्याचं टोक. पानं फक्त चार-पाचदा दाबायची, वास सुटला की थांबायचं. लगदा केला की कडू.

ग्लास भरणं

पहिला: ३० मिली आल्याचा पाक, १५ मिली लिंबू, चिमूट काळं मीठ, बर्फ, वरून १५० मिली सोडा. एकदाच ढवळा, जास्त ढवळलं की गॅस जातो. पिणाऱ्याला यातच शेवटी ४५ मिली काळी रम.

दुसरा: ६० मिली डाळिंबाचा रस, १५ मिली साखरेचा पाक, १० मिली लिंबू, सोडा १०० मिली. हवी असेल तर ४५ मिली व्होडका. स्ट्रॉबेरीचंही याच मापाने, फक्त साखरेचा पाक वगळा आणि तळाशी पुदिन्याची पाच पानं दाबून घ्या. जिनला टॉनिक एकास तीन: ४५ मिली जिन, १३५ मिली गार टॉनिक, लिंबाची फोड.

सोडा आणि टॉनिक निदान सहा तास गार झालेले असावेत. कोमट पाण्यात वायू विरघळून राहत नाही, बर्फावर कोमट सोडा ओतला की एकदम फसफसून उडून जातो आणि बर्फही वितळतो. सगळं पाणचट लागण्याचं कारण बहुधा हेच असतं, आणि मग लोक दारू वाढवतात.

साडेदहानंतर गच्चीवर गारठा पडतो. तेव्हासाठी थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवा. कपात २० मिली आल्याचा पाक, एक लवंग, १०० मिली गरम पाणी, थोडं लिंबू. हे सगळ्यांना चालतं, आजींनाही. रम हवी त्याला ३० मिली, पाणी ओतल्यावर वरून. रम भांड्यात घालून गॅसवर गरम करू नका. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, त्याची वाफ पेट घेते.

व्हिस्कीवाल्यांचं त्यांना करू द्या, पण माप वापरूनच. बाटलीतून अंदाजे ओतलेला 'लार्ज' पाहुणचाराच्या भरात ऐंशी-नव्वद मिलीचा होतो. घेणाऱ्याला वाटतं आपण दोनच घेतले, पोटात तीन गेलेले असतात. म्हणून ओतणारा एकच माणूस नेमा, तासातासाने बदला, आणि त्याच्या तासात त्याने स्वतः घ्यायची नाही.

खाणं आणि घड्याळ

पहिला ग्लास हातात द्यायच्या आधी पोटात काहीतरी जाऊ द्या. रिकाम्या पोटी दारू झपाट्याने रक्तात उतरते. सांगलीत भडंगाला पर्याय नाही, पण भडंग बर्फाच्या बाजूला उघडं ठेवलं की वीस मिनिटांत मऊ पडतं. झाकणाच्या डब्यातून थोडं थोडं काढा. नुसत्या खारट चकण्याने तहान वाढून ग्लास लवकर रिकामा होतो, म्हणून जोडीला उकडलेली अंडी, पनीर, सुकं चिकन, काकडी-गाजर असं पोटभरीचं ठेवा. प्रत्येक पेगमागे एक ग्लास साधं पाणी. जेवण साडेनऊला वाढा. बाराचा केक कापून झाल्यावर जेवायला बसवलेली मंडळी जेवत नाहीत.

जेवणात आग्रह करायची आपली रीत आहे, ती बारवर आणू नका. साखरेच्या, झोपेच्या, बीपीच्या गोळ्या चालू असलेला माणूस कारण सांगत बसणार नाही, तो फक्त 'नको' म्हणेल. मेट्रोनिडॅझोलसारख्या पोटाच्या गोळ्यांवर दारू घेतली तर उलट्या आणि धडधड होऊ शकते. एकदा 'नको' आलं की आल्याचं सरबत पुढे करा.

बार साडेबाराला बंद. शरीर एक लार्ज जिरवायला साधारण अडीच-तीन तास घेतं. कॉफी, ताक, गार पाण्याची आंघोळ यांनी त्यात फरक पडत नाही, फक्त जागं वाटतं. गाडी चालवताना रक्तातली मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. तासगाव, विटा, जयसिंगपूर, कुठल्याही रस्त्याला रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लावलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात, कित्येकांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. शुद्धीतल्या माणसालाही त्या ऐनवेळी दिसतात. म्हणून बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी गाद्या, चादरी, पांघरुणं आधीच काढून ठेवा, येतानाच गाडीच्या किल्ल्या एका डब्यात घ्या आणि डबा न पिणाऱ्या एकाच्या ताब्यात द्या.

कुणी हाक मारूनही जागं होत नसेल, श्वास फार संथ किंवा अडखळत असेल, अंग गार किंवा ओठ निळे पडत असतील तर 'झोपू द्या, उतरेल' म्हणू नका. कुशीवर वळवा, उलटी घशात अडकू नये म्हणून तसंच धरून ठेवा, जबरदस्तीने उलटी करवू नका, एकटं सोडू नका आणि १०८ ला फोन लावा.

आवराआवर

टेबलावरचे अर्धवट ग्लास रात्रीच ओल्या बादलीत रिकामे करा. सकाळी मुलं सगळ्यांत आधी उठून गच्चीवर जातात. उरलेल्या बाटल्या झाकण घट्ट करून वरच्या कपाटात, कुलपात. व्हिस्की-रमला काही होत नाही. उघडलेली वाईन झाकून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते, त्यानंतर आंबट होते. खारट पाण्याचा टब कुंड्यांत किंवा परसात ओतू नका, झाडं जळतात, मोरीतच सोडा. काचा पोत्यात वेगळ्या बांधून भंगारवाल्यासाठी ठेवा. स्ट्रॉबेरी दोन दिवसांत संपवा. आल्याचा पाक मात्र फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो, आणि एक तारखेच्या सकाळी कोऱ्या चहात त्याचा एक चमचा फार छान लागतो.